प्रवासाची प्रश्नपेटी : ग्वायाकिलमध्ये स्वस्तात, पण कुठे उतरावे?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातील चार केळी उत्पादक येत्या सप्टेंबरमध्ये इक्वेडोरमधील केळीबागा पाहण्यासाठी जाणार असून ग्वायाकिल या बंदराच्या शहरी सात रात्रींचा मुक्काम ठरवीत आहोत. एका मळेमालकाशी आमचा पत्रव्यवहार झाला आहे. हॉटेलांचे दर पाहिले असता शहराच्या मध्यभागी, नदीकाठच्या मालेकोनजवळ, दोघांच्या खोलीला रात्रीचे १८ डॉलर, तर विमानतळाच्या बाजूला केनेडी नोर्ते भागात न्याहारीसह ४२ डॉलर पडतात असे दिसले. दिवसभर आम्ही शेतातच असू, खोलीत फक्त पाठ टेकायची आहे. तेव्हा १८ डॉलरची खोली घेऊन उरलेले पैसे फिरण्यासाठी राखून ठेवणे योग्य नाही का? आमच्यापैकी दोघे माळकरी आहेत, हेही लक्षात घ्यावे. (एक वाचक, रावेर तालुका)

उत्तर : योग्य नाही, असे स्पष्टच सांगतो. हीच चूक मी स्वतः केलेली आहे. २०१९ साली ठिबक सिंचनाच्या कामानिमित्त मी ग्वायाकिलला गेलो, तेव्हा मालेकोनच्या मागे दोन गल्ल्या सोडून एका लहान हॉटेलात उतरलो होतो. दिवसा तो भाग आपल्या जळगावच्या फुले मार्केटसारखा गजबजलेला असे. पण संध्याकाळी सातच्या सुमारास दुकानांची शटरे एकामागून एक खाली आली आणि पाहता पाहता रस्ता रिकामा झाला. मी जेवायला बाहेर पडू लागलो, तर स्वागतकक्षातील वृद्ध गृहस्थांनी मला हाताला धरून थांबवले, स्वतः ओळखीचा टॅक्सीवाला बोलावला आणि परत येईपर्यंत ते जागे राहिले. रोज रात्री जेवणासाठी जायला चार डॉलर आणि यायला चार डॉलर लागले. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने सामान उचलून शहराच्या उत्तर भागात गेलो.

तेव्हाच्या तुलनेने आजची परिस्थिती अधिक बिकट आहे. जानेवारी २०२४ मध्ये ग्वायाकिलमधील एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या स्टुडिओत थेट प्रक्षेपण चालू असताना बंदूकधारी टोळी घुसली, आणि राष्ट्राध्यक्ष डॅनिएल नोबोआ यांनी देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष चालू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ग्वायास, एल ओरो आणि लोस रिओस या प्रांतांत वारंवार आणीबाणी लागू झाली असून काही काळ रात्रीची संचारबंदीही होती. केळीचे मळे नेमके याच तीन प्रांतांत आहेत, त्यामुळे आपल्याला तो भाग टाळता येणार नाही. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात आणि मळेमालकाला त्या दिवसांची स्थिती विचारावी. त्याने आता येऊ नका असे सांगितले, तर तारखा पुढे ढकलाव्यात.

जायचेच ठरल्यास खर्चाचा हिशेब असा मांडावा. दोन खोल्या, सात रात्री आणि रात्रीमागे २४ डॉलरचा फरक, म्हणजे एकूण ३३६ डॉलर. त्यातून चौघांची सात दिवसांची न्याहारी वजा करा. माणशी चार डॉलर धरले तरी ११२ डॉलर होतात. मळ्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या ज्या मोठ्या बसस्थानकावरून सुटतात ते तेर्मिनाल तेर्रेस्त्रे विमानतळाला लागूनच आहे. मध्यवस्तीतून चार दिवस तिथे जाण्यायेण्याच्या टॅक्सीला ४० डॉलर धरा. उरलेला फरक १८४ डॉलरचा, म्हणजे माणशी ४६ डॉलरचा राहतो. सात रात्री निर्धास्त झोपण्यासाठी ही रक्कम मला जास्त वाटत नाही. ती जास्त वाटत असेल, तर स्वस्त वस्ती शोधण्याऐवजी त्याच चांगल्या वस्तीतील चौघांची एक खोली शोधावी. ग्वायाकिलच्या मध्यम हॉटेलांत अशा खोल्या असतात आणि माणशी खर्च बराच खाली येतो.

केनेडी नोर्ते, जुने केनेडी आणि उर्देसा या भागांत परवडणारी हॉटेले मिळण्याचे एक कारण आहे. गालापागोस बेटांकडे जाणारे बरेच परदेशी प्रवासी विमान बदलण्यासाठी या शहरात एकच रात्र थांबतात. विमानतळ मध्यवस्तीपासून जेमतेम पाच किलोमीटरवर असल्यामुळे त्याच्या आसपास अशा एका रात्रीच्या पाहुण्यांसाठी लहान हॉटेलांचा धंदा उभा राहिला आहे. यांतील अनेक जण विमानतळावरून आणण्याची सोय करतात. काही विनामूल्य, तर काही थोडे पैसे घेऊन. ही सोय आहे का, हे खोली ठरवतानाच लेखी विचारावे, कारण रात्री उतरून रस्त्यावरची टॅक्सी हात करून थांबवणे या शहरात धोक्याचे आहे. टॅक्सीत बसवून प्रवाशाला एटीएमपर्यंत फिरवण्याचे प्रकार तिथे घडलेले आहेत. गाडी ॲपवरून किंवा हॉटेलमार्फतच बोलवावी.

आरक्षण करताना काही स्पॅनिश शब्द ओळखता आले पाहिजेत, नाहीतर चार शेतकऱ्यांची पंचाईत होईल. ‘मात्रिमोनियाल’ म्हणजे एकच मोठा पलंग असलेली जोडप्याची खोली. आपल्याला ‘दोब्ले’ हवी आणि तिच्यात पलंग दोन आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. ‘ओस्ताल’ म्हणजे छोटे, बहुधा घरगुती पद्धतीने चालवलेले हॉटेल, त्याला नाक मुरडू नये. मात्र ‘मोटेल’ असा फलक दिसला की लांब राहावे. लॅटिन अमेरिकेत मोटेल म्हणजे तासांच्या हिशेबाने जोडप्यांना दिली जाणारी खोली, तिचा महामार्गावरील लॉजशी काही संबंध नाही. ‘आइरे’ म्हणजे वातानुकूलन, ‘बेन्तिलादोर’ म्हणजे पंखा, आणि ‘आग्वा कालिएन्ते’ म्हणजे गरम पाणी. किनाऱ्यावरच्या स्वस्त खोल्यांत गरम पाणी पुष्कळदा नसते. सप्टेंबर हा तिथला कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ आहे, आकाश ढगाळ असते. त्यामुळे रावेरच्या मे महिन्यात तावून निघालेल्या माणसाला पंख्याची खोलीही चालून जाईल. हीच सहल जानेवारी ते एप्रिलमध्ये ठरली असती, तर मी वातानुकूलित खोलीच घ्यायला सांगितले असते, कारण तेव्हा पाऊस, दमट उकाडा आणि डास हे तिन्ही एकत्र येतात. तारखा पुढे गेल्याच, तर ९ ऑक्टोबरचा आठवडा टाळावा. १८२० मध्ये त्या दिवशी ग्वायाकिल स्पेनपासून स्वतंत्र झाले. त्या सुट्टीत खोल्या महागतात.

दर विचारताना कर धरून विचारावा. इक्वेडोरमधील मूल्यवर्धित कर एप्रिल २०२४ पासून १५ टक्के आहे आणि काही ठिकाणी त्यावर १० टक्के सेवाशुल्कही लावतात. त्यामुळे ४२ चा आकडा बिलात ५० च्या पुढे जाऊ शकतो. कार्डाने पैसे दिल्यास वेगळा आकार लागतो का, हेही विचारून घ्यावे. देशाचे स्वतःचे चलन २००० सालापासून बंद असून अमेरिकन डॉलरच चालतो, म्हणून चलन दोनदा बदलण्याची कटकट नाही. पण ५० आणि १०० च्या नोटा दुकानदार सहसा घेत नाहीत. येथून नेतानाच १, ५, १० आणि २० च्या नोटा मागून घ्याव्यात. वीज १२० व्होल्टची आणि पिना अमेरिकेसारख्या चपट्या असतात.

आता माळकऱ्यांच्या जेवणाविषयी. ‘मांस नको’ एवढे सांगितले तर तिथे कोंबडी किंवा मासा ताटात येऊ शकतो. कोंबडी नको, मासा नको, डुकराची चरबी नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे लागते. मेनेस्त्रा नावाची मसुराची किंवा घेवड्याची दाट उसळ भातासोबत सगळीकडे मिळते. मात्र ती चरबीत शिजवलेली नाही ना, हे विचारावे. कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले पाताकोनेस आणि चीज भरलेला बोलोन आपल्याला आवडतीलच, परंतु ते भाजीच्या केळ्याचे असतात. आपण पाहायला निघालेले निर्यातीचे केळे कॅव्हेंडिश गटातले, म्हणजे आपल्या ग्रँड नैनचेच भाऊबंद आहे. या सगळ्यामुळे खोलीत किंवा सामाईक स्वयंपाकघरात शेगडी वापरू देणारे ओस्ताल मिळाले, तर त्यासाठी दोन-चार डॉलर जास्त मोजावेत. दशम्या, चटणी आणि कळण्याचे पीठ बांधून घ्यावे. बियाणे, ताजे फळ किंवा केळीचे पान मात्र पिशवीत चुकूनही नसावे.

शेतातले बूट घेऊन जाण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. केळीचा फ्युसॅरियम मर रोग, ज्याच्या टीआर-४ प्रकाराने बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागा नासवल्या, तो २०१९ मध्ये कोलंबियात आणि २०२१ मध्ये पेरूत सापडला. ही दोन्ही राष्ट्रे इक्वेडोरची शेजारी आहेत. तिथले मळेवाले बाहेरच्या बुटांवरच्या मातीला घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे रास्त आहे. रावेरचे बूट घरी ठेवावेत, गमबूट तिथेच विकत घ्यावेत आणि मळ्यातच सोडून यावेत. मळ्यात घातलेले कपडे शेवटच्या दिवशी हॉटेलच्या धुलाईत देऊन मगच पेटीत भरावेत. येतानाची माती आपल्या बागांनाही नको आहे.

सातही रात्री ग्वायाकिलमध्येच काढाव्यात की दोन-तीन माचालाला, असाही विचार आपल्या मनात येईल. माचाला हे एल ओरो प्रांतातील केळीचे मुख्य शहर असून बसने तीन तासांवर आहे. यजमानाने स्वतः हॉटेल सुचवून गाडी पाठवली तर तिथे राहावे, एरवी नाही. मिलाग्रो आणि नारांहाल या बाजूंचे मळे ग्वायाकिलहून सकाळी निघून दिवसाउजेडी परत येण्याजोगे आहेत.

कागदपत्रांपैकी दोनच गोष्टी मुक्कामाशी निगडित आहेत. भारतीयांना इक्वेडोरचा व्हिसा २०१९ पासून आधीच काढावा लागतो; अर्जासोबत राहण्याची व्यवस्था दाखवावी लागू शकते, म्हणून पैसे न कापता रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लसीची. इक्वेडोरहून परतणाऱ्याकडे भारतात या लसीचे प्रमाणपत्र मागतात, ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, आणि ते नसल्यास मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. तो मुक्काम कोणत्याच हिशेबात बसत नाही.

प्रश्न : ग्वायाकिल समुद्रकाठी आहे, तर थोडे जास्त पैसे देऊन समुद्र दिसणारी खोली मिळेल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : मिळणार नाही, कारण तिथून समुद्र दिसतच नाही. शहर ग्वायास नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले असून नदी पुढे ग्वायाकिलच्या आखाताला मिळते. खिडकीतून दिसेल ती तापीपेक्षा कितीतरी रुंद, भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलणारी, जलपर्णीचे पुंजके वाहून नेणारी मातकट नदी. ‘रिओ’ म्हणजे नदी. त्या शब्दावर जास्त पैसे लावणारी हॉटेले आहेत, ते पैसे वाचवावेत, कारण अडीच किलोमीटर लांबीच्या मालेकोन २००० या बंदिस्त आणि पहारा असलेल्या नदीकाठावर दिवसा फुकट फिरता येते. तिथूनच पुढे लास पेन्यास वस्तीतून सान्ता आना टेकडीच्या ४४४ पायऱ्या चढता येतात. कॅथेड्रलसमोरच्या बागेत हातभर लांबीचे इग्वाना सरडे कबुतरांसारखे माणसांत वावरतात. लहान मुले बरोबर असतील तर तिथून हलणे कठीण होईल. हे सगळे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत उरकावे. समुद्रच हवा असेल, तर प्लायास सुमारे शंभर किलोमीटरवर आणि सालिनास त्याहून पुढे आहे. परंतु तिथला हंगाम डिसेंबरअखेर ते एप्रिल असतो, तेव्हा दर चढतात. जून ते सप्टेंबरमध्ये खोल्या स्वस्त होतात, पण आकाश करडे राहते.

प्रश्न : माझी मुलगी एका परिषदेसाठी तीन रात्री ग्वायाकिलला एकटी जाणार आहे. हॉस्टेलमधील सामाईक खोलीत एक खाट पंधरा डॉलरच्या आत मिळते, असे ती म्हणते. तिला जाऊ द्यावे का? (एक आई, धुळे)

उत्तर : जाऊ द्यावे, पण त्या खाटेवर नव्हे. हॉस्टेलांविषयी माझा पूर्वग्रह नाही. तीन आठवड्यांची भटकंती असती, तर मीही खाटच सुचवली असती. येथे मात्र रात्री तीनच आहेत आणि दिवसाचे कार्यक्रम ठरलेले आहेत. आयोजकांनी प्रतिनिधींसाठी ज्या हॉटेलांशी सवलतीचा दर ठरवला असेल, त्यांपैकी सर्वांत स्वस्त हॉटेल तिने निवडावे आणि परिषदेतीलच एखाद्या सहभागी स्त्रीबरोबर खोली वाटून घेता येईल का, हे आयोजकांना विचारावे. खर्च निम्म्यावर येतो, शिवाय जाण्यायेण्याला सोबत मिळते. विमान शक्यतो उजेडात उतरणारे घ्यावे, वाटेतील विमानतळासाठी वेगळा व्हिसा लागतो का हे तिकिटाआधी पाहावे. अमेरिकेमार्गे गेल्यास तो लागतोच.

आपल्यासाठी एक व्यवहाराची सूचना. ग्वायाकिलची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. ती रात्री ९ वाजता खोलीवर परतली, की आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे ७:३० झालेले असतील; फोनची वेळ तीच ठरवावी, म्हणजे धुळ्यात कुणाला रात्रभर जागावे लागणार नाही.