ऑनलाइन खरेदीची पार्सलं पोहोचवणारी डेल्हिव्हरीसारखी कंपनी इतक्या कमी वर्षांत एवढी मोठी कशी झाली? आणि या धंद्यात फ्रँचायझी घ्यावी का?

या प्रश्नाला बहुतेक जण "टेक्नॉलॉजी आणि फंडिंग" एवढंच उत्तर देऊन मोकळे होतात. मी सांगोला तालुक्यात अशाच एका कंपनीचं डिलिव्हरी सेंटर बरीच वर्षं सांभाळलं आहे (नाव लिहीत नाही, प्रश्नातली कंपनी नव्हे). त्यामुळे ते उत्तर ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

पैसा होता, ते कोण नाकारतंय? डेल्हिव्हरी 2011 मध्ये गुरुग्रामला सुरू झाली, ती आसपासच्या हॉटेलांचं जेवण आणि फुलं घरपोच देण्यापासून. मे 2022 मध्ये 487 रुपये भावाने आयपीओ, म्हणजे लोकांसाठी शेअरची पहिली विक्री, आला, 5,235 कोटींचा. पण 2021-22 या वर्षाचा तोटा हजार कोटींच्या वर होता, आणि अख्ख्या वर्षाचा पहिला नफा दिसला तो 2024-25 मध्ये, 162 कोटी. एवढी वर्षं तोटा सोसायला फंडिंग लागतंच. पण नुसत्या फंडिंगवर कंपनी उभी राहत असती, तर त्याच काळात पैसे घेऊन बुडालेल्या कुरिअर कंपन्याही आज दिसल्या असत्या. 2012 ची ईकॉम एक्स्प्रेस बघा. देशभर जाळं होतं, गुंतवणूकदार होते, तरी 2025 मध्ये ती डेल्हिव्हरीने साधारण 1,400 कोटींना विकत घेतली.

खरं गणित गाडीचं आहे. पुण्याहून रात्री निघणारी गाडी अर्धी भरली काय आणि पूर्ण भरली काय, डिझेल, ड्रायव्हर आणि टोल तेवढाच. एकाच विक्रेत्याचा माल वाहिला तर पार्सलमागे खर्च परवडत नाही. शंभर विक्रेत्यांचा माल एकाच गाडीत आला की दर उतरतो, दर उतरला की आणखी विक्रेते येतात. सेंटरचंही तसंच. एका गावात एकच पार्सल असेल तर पोरगा पेट्रोल जाळून येतो, पंधरा असतील तर दोन पैसे सुटतात. पुण्याची एक्स्प्रेसबीज हीसुद्धा आधी लहान मुलांच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या फर्स्टक्रायचा माल पोहोचवणारा विभाग होती. 2015 ला वेगळी झाली आणि बाकीच्यांचा माल घ्यायला लागली, तेव्हा वाढली.

बाकी कारणं पटापट सांगतो. फ्लिपकार्टने 2010 मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली, त्यामुळे कार्ड नसलेला माणूस गिऱ्हाईक झाला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वस्तीवरच्या पोरांच्या हातात नेट आलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, नाक्यांवरचा खोळंबा कमी झाला आणि प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायचं कारण संपलं. भिवंडीत जी अवाढव्य गोदामं दिसतात त्यांच्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि या सगळ्यांच्या आधीचा पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला. त्यामागचा माणूस आपला मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर. त्या सहा आकड्यांवर आज प्रत्येक कंपनीचं सॉर्टिंग मशीन पार्सल कुठल्या बॅगेत टाकायचं ते ठरवतं. ऑनलाइन खरेदीचा पाया टपाल खात्याने घातला, हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

पण पिनकोड पार्सल सेंटरपर्यंत आणतो. पुढे काय?

आमच्याकडे एका पिनकोडात गावंच्या गावं येतात, आणि गावात कुणी राहत नाही, सगळे आपापल्या रानात. बाबर वस्ती, माळी वस्ती, गावडे वस्ती. एकेका नावाची वस्ती चार-चार गावांत. पार्सलवर पत्ता काय? "मु. पो. अमुक, ता. सांगोला, जि. सोलापूर." संपला. डाळिंबाच्या फवारणीचे नोझल, साड्या, मोबाइलची कव्हरं, सगळं या पत्त्यावर येतं. फोन लावावा तर रानात रेंज नाही, नाहीतर फोन मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्याला कामाला.

अशात वरून एक साहेब आले. त्यांनी रूट नव्या सॉफ्टवेअरने पाडून दिले. नकाशावर जवळजवळ दिसणारी गावं एका पोराच्या रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या वाटपाच्या यादीवर. आता माण नदीच्या अल्याड-पल्याडची दोन गावं नकाशावर चिकटलेली दिसतात, पण पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी गेलं की एकातून दुसऱ्यात जायला मोठा वळसा पडतो. पोरं दुपारपर्यंत एकच गाव करून परत यायची. पार्सलं "ग्राहक उपलब्ध नाही" म्हणून मागे, आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर आरटीओ, म्हणजे माल उलट विक्रेत्याकडे. आरटीओ म्हणजे जायचं भाडं गेलं, यायचं भाडं गेलं आणि हातात शून्य. मी नदीचं सांगितलं तर साहेब म्हणाले, "सिस्टीम बरोबर आहे, तुमची पोरं बहाणे करतात." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मग मी आणि आमच्याकडचा सगळ्यात जुना पोरगा, दोघांनी रात्री सेंटर बंद झाल्यावर वही घातली. गाव, वस्ती, वस्तीवरची आडनावं, जवळची खूण. कॅनॉलच्या उजव्या अंगाला, डीपीपासून दुसरं घर, झेडपीच्या शाळेमागे, दूध संकलन केंद्रापाशी ठेवलं तरी चालतं, हे घर संध्याकाळी पाचनंतरच. कुणाच्या घरी कुणाचा फोन लावायचा. कोण रोख देतो आणि कोण "उद्या ये" म्हणून पार्सल फिरवतो. त्या पोराला पुस्तकी शिक्षण बेताचं, पण अख्खा पिनकोड त्याला तोंडपाठ. आम्ही रूट वहीप्रमाणे लावले. पोरं तीच, गाड्या त्याच, पण परत जाणाऱ्या पार्सलांची थप्पी महिन्याभरात निम्म्यावर आली.

पुढचं ऐका. प्रत्येक डिलिव्हरीला पोराच्या मोबाइलवर बटण दाबलं की त्या जागेचं लोकेशन कंपनीकडे जातं. आडनाव, वस्ती आणि ते ठिकाण यांची जोडी पक्की होते. पुढच्या वेळी त्याच पत्त्याचं पार्सल आलं की सॉफ्टवेअरला घर आपोआप सापडतं. गुगललाही नीट न सापडणाऱ्या वस्त्यांचा नकाशा असा तयार झाला, आमच्या पोरांच्या चाकांवर. मग साहेबांनी मीटिंगमध्ये परत जाणाऱ्या पार्सलांचा तो घटलेला आकडा "नव्या सिस्टीमचा परिणाम" म्हणून दाखवला. त्यानंतर पगार बंद होऊन पार्सलमागे दर आला. जुन्या पोराला त्यात घर भागेना, तो सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराला रस्ता कळायला अडचण आली नाही, कारण रस्ता आता मोबाइलमध्ये होता. तो तिथे कुणी घातला, हे कुठेच लिहिलेलं नाही.

माझे साडू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दर दिवाळीला हाच वाद. ते म्हणतात या टेक कंपन्या आहेत, अल्गोरिदम हीच मालमत्ता, पोरं काय, एक गेला की दुसरा. मी म्हणतो, अल्गोरिदम शिकला कुणाकडून? बंगळुरूत बसलेल्या कुठल्या इंजिनिअरला माहीत होतं की दोन माळी वस्त्यांपैकी कॅनॉलच्या पलीकडची कुठली? सॉफ्टवेअरवाल्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. रात्रीतून लाखो पार्सलं माणसांनी हाताने वेगळी करणं शक्यच नाही, तिथे मशीनच पाहिजे. पण सेंटरपासून दारापर्यंतचा सगळ्यात महागडा टप्पा पोरांच्या माहितीवर स्वस्त झाला, आणि दर उतरल्यामुळेच तर कंपन्या वाढल्या. ज्याच्या माहितीवर कंपनी वाढली त्याला शेअर सोडा, पीएफसुद्धा मिळाला नाही. साडूंनी याचं उत्तर मला अजून दिलेलं नाही. विषय बदलतात.

आता फ्रँचायझीचं. घ्या, पण करार वाचून. पार्सल परत गेलं तर तुम्हाला काही मिळतं का, की फक्त डिलिव्हर झाल्यावरच? रोख भरण्यात फरक आला तर कुणाच्या अंगावर? हरवलेल्या पार्सलची पूर्ण किंमत कापतात का? बिल किती दिवसांनी निघतं? डिपॉझिट घेतात त्याची लेखी पावती मिळते का? आणि आधी महिनाभर एखाद्या चालू सेंटरवर सकाळी गाडी उतरवायला जाऊन बसा. त्या पिनकोडात रोज किती माल पडतो ते डोळ्यांनी बघा. कंपनीचा माणूस दाखवतो तो आकडा दसरा-दिवाळीचा असतो.

एक सांगायचं राहिलं. माझा अनुभव तालुक्याचा आहे. पुण्या-मुंबईत सोसायट्या असतात, पत्ते नीट असतात, माल भरपूर असतो, तिथलं गणित वेगळं निघेल. यूपीआय आल्यापासून दारात क्यूआर दाखवून पैसे घेता येतात, त्यामुळे रोख सांभाळायची कटकटही पूर्वीइतकी नाही. आणि आमच्या साहेबांसारखेच सगळीकडचे असतील असंही नाही.

पण सेंटर घेतलंत तर स्थानिक पोरं ठेवा, त्यांना पार्सलमागे इतरांपेक्षा रुपया जास्त द्या आणि पावसाळ्यात रूट त्यांना विचारून लावा. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांसाठी, म्हणजे पगारावर नसून कामागणिक पैसे मिळणाऱ्यांसाठी, कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. ती संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्यातलं काही आपल्या पोरांपर्यंत यायचं असेल तर आधी त्यांचं नाव कुठेतरी पाहिजे. म्हणून कामावर घेतल्या आठवड्यातच प्रत्येकाची ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्या. त्यासाठी आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर हाताशी ठेवा. कंपनी करेल म्हणून थांबू नका.