प्रबंध मागून उघडा

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभागात एकतीस वर्षं होते. स्वतः पीएच.डी. नाहीत, हे त्यांच्याच आग्रहावरून छापत आहोत.)

प्रश्न : माझी आई ऊसतोडीला जाते. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात एक मॅडम वस्तीवर आल्या होत्या. गर्भाशयाची पिशवी कधी काढली, कुठं काढली, पैसे किती लागले, नंतर त्रास काय झाला, सगळं विचारून लिहून घेतलं. आईचा अंगठा घेतला. 'पीएच.डी.चं काम आहे, तुमचं सगळं पुस्तकात येईल' म्हणाल्या. त्यांनी दिलेला नंबर आता लागत नाही. ते पुस्तक आम्हाला बघायला मिळेल का? आई अधूनमधून विचारते.
(एक विद्यार्थिनी, शिरूर कासार तालुका, जि. बीड)

उत्तर : मिळेल ताई, पण कदाचित ते अजून लिहूनच झालं नसेल. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, असा २०२२ चा नियम आहे. त्यात तासिका तत्त्वावरची नोकरी आणि घरी लहान लेकरं असली की तिसऱ्या वर्षी प्रबंध हातात देणारी बाई मी क्वचितच पाहिली. नंबर लागत नाही म्हणून त्या पळाल्या असं लगेच धरू नका. सिम बदललं असेल.

शोधायचं 'शोधगंगा'वर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे संकेतस्थळ आहे. २००९ च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमापासून प्रत्येक प्रबंधाची डिजिटल प्रत विद्यापीठानं तिथं द्यायची असते. वाचायला पैसे लागत नाहीत, मोबाइलवरही उघडतं. मात्र शोधताना अक्कल थोडी वाकडी चालवावी लागते. मराठीतले बरेच प्रबंध स्कॅन करून चढवलेले असतात, त्यामुळे आतला शब्द शोधून सापडत नाही. शीर्षकावरच भिस्त. तेही कुणी देवनागरीत टाकलेलं, कुणी इंग्रजी लिपीत. 'बीड' इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात आणि निजामाच्या काळातल्या कागदांत तर 'भीर' आहे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली, म्हणून जुनं नाव घालूनही शोधा. आपलं छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठसुद्धा १९५८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' होतं. तुमचा बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येतो, पण मॅडम तिथल्याच असतील असं नाही. नांदेडच्या असतील, पुण्याच्याही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथलीही मुलं वस्त्यांवर फिरतात. आईला एवढंच विचारा, मॅडम राहायला कुठं होत्या?

प्रबंध सापडला की मागून उघडा. माझी ही सवय बघून आमचे साहेब हसायचे. पहिल्या प्रकरणात ज्याचे त्याचे उतारे असतात, शेवटच्या प्रकरणात 'गृहीतके सिद्ध झाली' असतं. एकतीस वर्षांत एकही गृहीतक फसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही, देवाची करणी म्हणायची. खरा माल असतो परिशिष्टात. तिथं प्रश्नावली असते, म्हणजे मॅडमनी तुमच्या आईला नेमकं काय विचारलं ते दिसतं आणि काय विचारलं नाही तेही. 'ऑपरेशनचा सल्ला कुणी दिला?' हा प्रश्न आहे का बघा. 'एक खाडा झाला की मुकादम किती कापतो?' हा आहे का बघा. हे दोन प्रश्न नसलेली प्रश्नावली लिहिणारा माणूस ऊसतोड्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसलेला नाही, असं मी खुशाल समजतो.

त्यानंतर तथ्यसंकलनाचा महिना शोधा. तुमच्याकडं मॅडम उन्हाळ्यात आल्या, म्हणजे शहाण्या आहेत. कित्येकजण दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढतात आणि नोव्हेंबरात गावात जातात. तेव्हा कोयते, म्हणजे तोडीला जाणारी जोडपी, निघून गेलेले असतात. वस्तीवर उरतात म्हातारी माणसं, शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं आणि ज्यांना तोडीला जाणं झेपत नाही असे. त्यांच्याकडून फॉर्म भरून 'ऊसतोड कामगारांचे आरोग्य' लिहिलं, तर ज्यांच्याबद्दल प्रबंध आहे तेच त्यात नसतात. माझ्या हातून गेलेल्या काळ्या बाइंडिंगांत असे होते.

हा विषय डॉक्टरी आणि समाजशास्त्र अशा दोन्हींकडून धरावा लागतो. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरातल्या सोळा-सतरा. देशभरच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीनच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट सारखे नसतील, तेव्हा आकड्याला आकडा भिडवताना जपून. तरी फरक डोळ्यात भरतोच. डॉक्टरी अभ्यास सांगेल की त्यातली किती ऑपरेशनं गरजेची होती. पण पाळीच्या दिवसात बाई मोळी का उचलते, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोला मिळून एकच 'कोयता' का म्हणतात, हे समाजशास्त्रवाल्यालाच विचारावं लागतं. दोन्ही विभागांच्या इमारती कुठंही असोत, बाई एकच आहे.

आता अंगठ्याचं. तो संमतीपत्रावर घेतला असेल तर त्याची प्रत आईकडं राहायला हवी होती आणि तो कागद आईला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवा होता. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनालाही लागू आहेत. प्रबंधात आईचं नाव यायला नको. परिशिष्टात 'माहिती देताना अमुकबाई' असा फोटो चिकटवायची आपल्याकडं वाईट खोड आहे. तसं दिसलं तर विभागप्रमुखांना आणि कुलसचिवांना साध्या कागदावर लिहा : नाव आणि फोटो काढा. शोधगंगेवरची प्रत बदलायला सांगा.

माझं गाव औसा तालुक्यातलं. १९९३ च्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर आमच्याकडं फॉर्म घेऊन येणाऱ्यांची रांग लागली होती. सातव्या वेळी माझी आई म्हणाली, "बाबा, ते काल आलेले तुझ्याच गावचे होते ना? त्यांचंच उतरून घे की." त्या सातांपैकी कुणीही परत येऊन 'मावशी, हे निघालं बघा' असं सांगितलं नाही. म्हणून तुमची आई विचारते ते मला बरोबर वाटतं. मॅडम सापडल्या तर त्यांना वस्तीवर परत बोलवा. अर्धा तास लागतो.

प्रश्न : मी परिचारिका आहे. घाटीतल्या (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या) डॉक्टरांनी केलेला ॲनिमियावरचा अभ्यास वाचायचाय. विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'आमच्याकडं नाही' म्हणाले. घाटी विद्यापीठात नाही का?
(जालना)

उत्तर : आता नाही. घाटी १९५६ ची, म्हणजे विद्यापीठाहून दोन वर्षांनी थोरली. तेव्हा इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. पुढं डॉक्टरांच्या पदव्या मराठवाडा विद्यापीठ देऊ लागलं. १९९८ ला नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग सगळं तिकडं गेलं. त्यामुळे जुनं एका कपाटात आणि नवं दुसऱ्या. एम.डी.ची डिझर्टेशन्स शोधगंगेवर शोधत बसू नका, ती त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाहीतर विभागाच्या लोखंडी कपाटात असतात. थेट विभागात जा. 'मी सिस्टर आहे, वॉर्डात उपयोगी पडेल' एवढं सांगितलं की कपाटाची किल्ली निघते, हा माझा अनुभव.

प्रश्न : समाजकार्य विषयात पीएच.डी. करतोय. एक जर्नलवाले तीन हजार रुपयांत आठ दिवसांत पेपर छापून देतो म्हणतात. आयएसएसएन नंबर आहे. गाइड सर म्हणतात, देऊन टाका.
(अंबाजोगाई)

उत्तर : देऊ नका. आयएसएसएन हा जर्नलचा ओळख क्रमांक, म्हणजे गाडीचा पासिंग नंबर. एमएच २३ लिहिलंय म्हणजे गाडी बीडची एवढंच कळतं, ड्रायव्हर पिऊन चालवतो का ते नाही. हा नंबर भारतात फुकट मिळतो. आठ दिवसांत पेपर कुणी तपासत नाही. तपासायचं म्हटलं तर वाचणाऱ्यालाच महिना-दोन महिने लागतात आणि तो चार शेरे मारून परत पाठवतो. पैसे त्या शेऱ्यांसाठी द्यायचे असते तर गोष्ट वेगळी.

शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती उरलेली नाही आणि यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय म्हणतो ते पीएच.डी. विभागात लेखी विचारा, चहाच्या टपरीवर नाही. सरांशी वाद घालू नका, पुढं व्हायव्हा (तोंडी परीक्षा) आहे. 'सर, एवढ्यात पैशांची सोय नाही' म्हणा. हे कारण मराठवाड्यात कुणी नाकारत नाही.

प्रश्न : वडील वारले. त्यांनी १९८० च्या सुमारास किनवट भागातल्या आदिवासी वाड्यांवर आजारपण आणि देवऋषी यांवर अभ्यास केला होता. प्रबंध विद्यापीठात आहे. पण घरात एक पोतं भरून त्यांच्या हातच्या भरलेल्या प्रश्नावल्या आहेत. बायको म्हणते रद्दीत द्या. काय करू?
(नांदेड)

उत्तर : रद्दीत देऊ नका, वहिनींना माझं नाव सांगा. प्रबंधाच्या दोन-चार प्रती कुठंतरी असतात, भरलेल्या फॉर्मची मात्र हीच एक. प्रबंधात काय उरतं ते मला ठाऊक आहे : 'दवाखान्यात जातात का? होय ४१, नाही ५९.' नमुना शंभराचा, म्हणून शेजारचा टक्केवारीचा रकानाही ४१ आणि ५९, जागा भरल्याचं समाधान. पण फॉर्मच्या समासात तुमच्या वडिलांनी लिहिलं असेल की नाही म्हणणाऱ्या बाईनं कारण काय दिलं. पूर आला होता, का दवाखान्यात तिची बोली कुणाला येत नव्हती, का मागच्या वेळी हाकललं होतं. तो समास कुठंच छापलेला नाही.

आधी दहा फॉर्म काढून वाचा. त्यात लोकांची नावं आणि आजार शेजारी शेजारी असतील, तेव्हा मोबाइलनं फोटो काढून कुठल्या ग्रुपवर टाकू नका. त्या घरांतली नातवंडं आज नांदेडात शिकायला असतील. नांदेडच्या विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या विभागाला पत्र लिहा, किती फॉर्म, कोणत्या वाड्या, कोणतं साल एवढं कळवा. नावं झाकून वापरायची अट लेखी घ्या. उत्तराला महिना लागेल, दोनही लागतील. तोवर पोतं जमिनीवर ठेवू नका, खाली विटा घाला आणि भिंतीपासून हातभर लांब ओढा. पावसाळ्याआधी एकदा सगळं बाहेर सावलीत, वाऱ्यावर काढा, पण गठ्ठे आहेत तसेच ठेवून. वडिलांनी ज्या दोऱ्यानं बांधलेत तो सोडू नका, ते कोणत्या क्रमानं वाड्यांवर फिरले ते त्यावरूनच कळणार आहे.