कूलर बंद करा, मग बोला

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहून गेलो होतो की ऑनलाइन धंदेवाले सगळे रील्सच्या मागे धावून राहिले अन् आवाजाकडे कोणाचं ध्यानच नाही. झालं, त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले (अर्ध्याहून जास्त तर व्हॉइस नोटच, त्यातली एक साडेसहा मिनिटांची, ती मी दीडपट स्पीडवर ऐकली, माफ करा) की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : मी मनीषनगरला राहते. चार वर्षांपासून घरूनच सावजी मसाला, तिखट, सांडगे, पापड विकते. साधी वेबसाइट आहे, ऑर्डरी नागपूरपेक्षा पुण्या-मुंबईच्याच जास्त. व्हिडिओत मला यायचं नाही, कॅमेरा पाहिला की मी गप्पच होते. मुलगी म्हणते, आई तू पॉडकास्ट काढ, तुझा आवाज चांगला आहे. पण बोलू काय, आपली नागपुरी चालते का, आणि माइक कितीचा घेऊ?

उत्तर : ताई, पॉडकास्ट (म्हणजे नेटवर भागाभागाने टाकलेला रेडिओसारखा कार्यक्रम) काढू नका, निदान आत्ता तरी नाही. मुलीला रागावू नका, तिचं अर्धं बरोबर आहे, आवाज वापरायचाच आहे, फक्त तो कुठे ठेवायचा ते ती चुकली.

असं पाहा, तुमच्या मसाल्याची आणि गिऱ्हाइकाची खरी गाठ कुठे पडते? वेबसाइटवर नाही पडत. ती पडते पुण्यातल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये ओट्यासमोर, कांदा चिरून झालाय, हात मसाल्याने माखलेत, पाकीट फोडलंय आणि बाईला प्रश्न पडलाय की हा आधी टाकायचा की मटण शिजल्यावर. त्या वेळी तिला व्हिडिओ पाहायला डोळे मोकळे नाहीत आणि रेसिपी वाचायला स्क्रोल करणारं बोटही मोकळं नाही. मोकळे आहेत फक्त कान. तिथे तुमचा आवाज पाहिजे. म्हणून पाकिटाच्या मागे एक क्यूआर कोडचं स्टिकर लावा, वर लिहा ‘स्वयंपाक करता करता ऐका’, आणि स्कॅन केलं की तुम्ही शेजारी उभ्या राहून सांगताय असं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग सुरू झालं पाहिजे. ‘कांदा लाल होऊ द्या, घाई नका करू... आता मसाला टाका, हलवत राहा, कडेनं तेल सुटलं की मगच पाणी, अन् पाणी गरमच, थंड टाकाल तर तर्री येणार नाही.’ मध्ये एखादी खरी फोडणी तडतडू द्या, तुमच्याच कढईतली. त्याच्यापुढे कोणतं म्युझिक टिकत नाही.

क्यूआरचं एक लक्षात ठेवा. फुकटात कोड बनवून देणाऱ्या काही साइट्स ‘डायनॅमिक’ कोड देतात, म्हणजे स्कॅन केलं की आधी त्यांच्या साइटवर आणि तिथून तुमच्या पानावर, आणि ट्रायल संपली की तो कोड पैसे भरेपर्यंत बंद पडतो. तोवर तुम्ही दोन हजार स्टिकर छापून बसलेल्या असता. साधा ‘स्टॅटिक’ कोड घ्या, त्यात लिंक थेट कोडमध्येच असते, तो मरत नाही, आणि लिंक तुमच्या स्वतःच्या वेबसाइटच्या पानाची द्या म्हणजे उद्या रेकॉर्डिंग बदललं तरी स्टिकर तेच चालतं. त्याच पानावर रेसिपी लिहूनही ठेवा बरं का, कारण गुगल अजून मुख्यतः लिहिलेल्या शब्दांवरच तुमचं पान शोधून काढतो. नवीन माणूस तुमच्यापर्यंत येईल तो त्या लिहिलेल्यावरून. आवाजाचं काम त्याच्या पुढचं, एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा यावा हे.

दुसरी जागा व्हॉट्सॲप. पार्सल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक तीसेक सेकंदांची व्हॉइस नोट पाठवा, गिऱ्हाइकाचं नाव घेऊन, दरवेळी नवी. हो, दरवेळी, दिवसाला आठ-दहा ऑर्डरी असल्या तर पाच मिनिटांचं काम आहे. सगळ्यांना एकच सांगायचं असेल, म्हणजे नवीन तिखट आलं वगैरे, तर ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, एका लिस्टमध्ये २५६ जण. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना जातच नाही आणि तुम्ही इकडे वाट पाहून राहता की कोणी काहून बोलत नाही. म्हणून पहिल्या नोटमध्येच सांगा, नंबर सेव्ह करून ठेवा. आणि महिन्यातून दोनदाच, जास्त नाही. रोज बोलणारा दुकानदार लोक म्यूट करतात, मी स्वतः तीन केलेत.

आता बोलीचं. चालते का म्हणजे काय, तीच तर विकायची आहे! सावजी मसाला आणि बोलणं सदाशिव पेठेतलं, हे कसं जमावं. ‘करून राहिली’, ‘होऊन राहिलं’ बिनधास्त येऊ द्या. फक्त जिन्नसाच्या नावाला जपा. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी रेसिपीच्या शेवटी सांगितलं, ‘वरून बारीक चिरलेला सांबार टाका.’ आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे पुण्याच्या बाईला काय माहीत, तिनं विचारलं, कोणत्या कंपनीचा सांबार मसाला घेऊ? तेव्हा ‘सांबार, म्हणजे कोथिंबीर’ असं एकदा म्हणून टाका, गोडही वाटतं ते. आणि जाहिरात आहे म्हणून या मसाल्यानं शुगर कमी होते, पोट साफ होतं असलं काही बोलून जाऊ नका. खाद्यपदार्थांच्या दाव्यांचे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत २०१८ चे, आणि ते छापील जाहिरातीपुरते नाहीत, बोललेल्यालाही लागू होतात.

माइक घेऊच नका अजून. फोनचा पुरतो, तुमची अडचण माइक नसून कूलर आहे. एप्रिल-मे मध्ये नागपुरात कोणत्याही घरातलं रेकॉर्डिंग ऐका, मागे घर्रर्र चालूच असतं, आपल्याला ते ऐकूच येत नाही इतकी सवय झालेली, पण पुण्यातल्या कानाला ते पिठाच्या गिरणीत बसून बोलल्यासारखं वाटतं. त्यामुळे सकाळी सहाच्या आत, कूलर बंद, पंखा बंद, बेडरूममध्ये बसायचं. स्वयंपाकघरात नाही, तिथे टाइल्स आणि भांड्यांमुळे आवाज घुमतो, फोडणी नंतर वेगळी रेकॉर्ड करून जोडता येते. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, साड्या आणि गोधड्या आवाज पिऊन घेतात. मी रेडिओच्या जाहिराती लिहायचो तेव्हा स्टुडिओच्या भिंतींना जे गादीसारखं लावलेलं असायचं, ते काम तुमचं कपाट फुकटात करतं.

फोन तोंडासमोर धरू नका, वीतभर अंतरावर आणि जरासा बाजूला ठेवा. काहून, तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून हवेचा भपकारा निघतो आणि तो माइकवर धपकन आदळतो. अन् तुमच्या धंद्यात तर पापड, फोडणी, भाकर, भिवापुरी मिरची, सगळे तेच शब्द! ‘पापड’ एकदा समोरून आणि एकदा बाजूने बोलून इअरफोन लावून ऐका, फरक लगेच कळेल. काटछाट करायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॉम्प्युटरवर चालतं, मुलगी दोन दिवसात शिकेल. एमपी३ मोनोमध्ये ६४ केबीपीएसला सेव्ह करायला सांगा, बोलण्याला तेवढं बस होतं आणि मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही, नेट कमी असलं तरी उघडते फाइल.

राहिलं एक, ऑर्डर कुठून आली हे कसं कळणार. रेकॉर्डिंगमध्ये दहा आकडी नंबर सांगू नका, हात मसाल्यात आहेत, लिहिणार कोण. शेवटी एवढंच म्हणा, ‘पुढच्या ऑर्डरीत फोडणी असं लिहा, पापडाचं एक छोटं पाकीट माझ्याकडून.’ महिन्यात किती फोडण्या आल्या ते मोजा. पंचवीस स्कॅनमागे दोन-तीन जरी आल्या तरी मी म्हणेन चालू ठेवा.

प्रश्न : एमपीएससीच्या मुलांसाठी ऑनलाइन टेस्ट सिरीज विकतो. सहा महिन्यांपूर्वी पॉडकास्ट सुरू केला, ११ भाग झाले, भागाला तीस-पस्तीस लोक ऐकतात, त्यातले निम्मे आमचेच मित्र. बंद करावा का? – सक्करदऱ्याहून

उत्तर : दादा, तुमचे तीन भाग ऐकले. विषय चांगला, आवाजही चांगला, पण पहिली दोन मिनिटं नुसतं नमस्कार, स्वागत, सबस्क्राइब करा, बेल दाबा (पॉडकास्टला बेल कुठली भाऊ?) यातच जातात, आणि भागाचं नाव काय तर ‘भाग ७’. सर्चमध्ये ‘भाग ७’ कोण टाइप करणार आहे? ‘राज्यसेवा : पंचायत राज, ७३ वी घटनादुरुस्ती १५ मिनिटांत’ असं नाव द्या, मुलं असंच शोधतात.

तुम्ही म्हणता पॉडकास्ट टाकला, पण तो फक्त एकाच ॲपवर दिसतोय. पॉडकास्टची गंमत अशी की फाइल एकाच ठिकाणी चढवायची, तिथून आरएसएस फीड नावाची एक लिंक मिळते, ती लिंक ॲपलला, यूट्यूबला नेऊन दिली की पुढचे भाग तिकडे आपोआप जातात. जुन्या लेखांमध्ये गुगल पॉडकास्टवर टाका असं अजून लिहिलेलं सापडतं, ते २०२४ मध्ये बंद झालंय, तिकडे वेळ घालवू नका. तुमचे ऐकणारे यूट्यूबवर जास्त असतील असा माझा अंदाज, अभ्यासिकेतून मेसकडे जाणाऱ्या पोरांना मी विचारलंय, बहुतेक तिथेच ऐकतात.

पण मुख्य चूक वेगळीच आहे. गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न तुम्ही आवाजात सोडवून दाखवता. ‘आता वरच्या समीकरणात एक्सची किंमत टाका’, अहो वर कुठे? ऐकणारा बुटीबोरीहून येणाऱ्या बसमध्ये लटकलाय. गणित व्हिडिओला द्या. आवाजात राज्यघटना, इतिहास, चालू घडामोडी ठेवा, आणि प्रश्न विचारून पाच सेकंद गप्प बसा म्हणजे तो मनात उत्तर देईल. त्या पाच सेकंदांमुळेच तुमची टेस्ट सिरीज विकली जाईल, कारण पोराला कळतं की आपल्याला येत नाही. मग शेवटी सांगा, असेच शंभर प्रश्न तिथे आहेत. अजून दहा भाग असे करून पाहा, नाही जमलं तर खुशाल बंद करा.

प्रश्न : साड्यांचं ऑनलाइन बुटीक आहे, आम्हीही ऑडिओ करावं का? – धरमपेठहून

उत्तर : नको ताई. साडी डोळ्यांनी घेतात. फोटोवर पैसे घाला.

प्रश्न : एक एजन्सीवाला मागे लागलाय, म्हणतो तुमचा आवाज रेकॉर्ड करून ५० हजार लोकांना व्हॉइस कॉल लावून देतो, नंबर आमच्याकडे आहेत. स्वस्त वाटून राहिलं. करू का?

उत्तर : मुळीच करू नका. ते नंबर त्याच्याकडे आले कुठून हे त्याला एकदा विचारा आणि तो काय सांगतो ते मलाही कळवा. असल्या प्रचाराच्या कॉलला ट्रायचे, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आहेत, टेलिमार्केटिंगची नोंदणी लागते, कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून जावा लागतो, आणि ज्यांनी १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद) लावून ठेवलंय त्यांना त्यांच्या संमतीशिवाय लावताच येत नाही. साध्या दहा आकडी नंबरवरून लावले आणि तक्रारी गेल्या तर तुमचा नंबर बंद होतो. एजन्सीवाला दुसरं सिम घेईल, तुमचा धंद्याचा नंबर मात्र पाकिटावर, बोर्डावर, सगळीकडे छापलेला आहे.

प्रश्न : माझं वय ६८. संत्रा बर्फी ऑनलाइन विकण्याचं काम आता नातू पाहतो. त्याला जाहिरातीमागे जुनं सिनेमाचं गाणं लावायचं आहे, नाहीतर एआयचा आवाज. मला दोन्ही पटून नाही राहिलं. – महालहून

उत्तर : काका, मलाही नाही पटत. जुनं गाणं फुकट असतं हा समज फार आहे. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षं चालतो, आणि तो संपला तरी गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वेगळा असतो, म्हणजे दोन कुलुपं, एक उघडून भागत नाही. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, त्यात फुकट वापरता येणारं संगीत मिळतं, काहींच्या खाली नाव देण्याची अट असते तेवढी वाचायला सांगा.

एआयच्या आवाजाचं म्हणाल तर मी करून पाहिलं. त्यानं ‘चटणी’तला च चहातल्या चसारखा म्हटला आणि ‘जाड’मधला ज जिलबीतल्या जसारखा. मराठी माणसाच्या कानाला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतं. नातवाला सांगा, विविध भारतीवर जाहिराती पहिल्यांदा सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई-पुणे-नागपूरवर. त्या ऐकत मोठा झालेला माणूस घरातच बसलाय. साठेक शब्द कागदावर लिहून घ्या, अर्ध्या मिनिटात सावकाश बसतात, आणि तुम्हीच बोला. वाड्यातली मागची खोली असेलच, पण आधी शेजारच्यांचा कूलर कोणत्या भिंतीला आहे ते पाहून घ्या.