"माहिती खूप मोठी आहे, देता येणार नाही" असं लिहून आलं तर?

प्रश्न: आमच्या नगरपालिकेकडे मी आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता, मागच्या 10 वर्षांत शहरातल्या सगळ्या रस्त्यांच्या दुरुस्तीची टेंडरं, वर्क ऑर्डर, बिलं आणि एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका यांच्या झेरॉक्स मागितल्या होत्या. 28 व्या दिवशी पत्र आलं, "मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असून ती गोळा करण्यास मोठे मनुष्यबळ व खर्च लागेल, सबब कलम 7(9) अन्वये देता येत नाही." बस्स, एवढंच. आमच्या घरासमोरचा रस्ता 3 वेळा केला आणि 3 वेळा उखडला म्हणून मी मागितलं होतं. आता विषय सोडून द्यायचा का?

उत्तर: नमस्कार. अजिबात सोडू नका, आणि पत्र फाडून टाकू नका, तेच तुमच्या कामाचं आहे. असली पत्रं माझ्याकडे इतकी येतात की आता पहिल्या ओळीवरूनच ओळखू येतं खाली 7(9) असणार ते, आणि दरवेळी वाईट वाटतं कारण बहुतेक लोक तिथेच थांबतात, त्यांना वाटतं कायद्यातच आहे म्हणजे संपलं.

कायद्यात नक्की काय आहे ते बघा. कलम 7(9) सांगतं की माहिती ज्या स्वरूपात मागितलीय त्याच स्वरूपात साधारणपणे द्यायची, पण तसं केल्यानं ऑफिसची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागत असेल किंवा रेकॉर्डच्या सुरक्षिततेला, जतनाला धोका असेल तर त्या स्वरूपात नाही दिली तरी चालेल. म्हणजे हे कलम फक्त स्वरूपाबद्दल आहे. झेरॉक्स देणं झेपत नसेल तर समोर बसवून फायली दाखवा, सॉफ्ट कॉपी द्या, पण माहितीच द्यायची नाही असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. केरळ हायकोर्टानं 2010 मध्ये हेच सांगितलंय की 7(9) मुळे माहिती नाकारायची सूट मिळत नाही, फक्त वेगळ्या स्वरूपात द्यायची मुभा मिळते. नकार द्यायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत आणि त्यात "खर्च जास्त येतो" हे कारण नाही.

काही देशांत ते कारण आहे, हेही सांगतो. ब्रिटनच्या 2000 च्या कायद्यात कलम 12 आहे, तिथं माहिती शोधायला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च येत असेल तर ऑफिस सरळ नाही म्हणू शकतं. केंद्र सरकारच्या खात्यांना 600 पौंड आणि कौन्सिल वगैरेंना 450 पौंड, एका माणसाचा तास 25 पौंडांनी धरायचा, म्हणजे 24 आणि 18 तासांचं काम झालं. पण तिथंसुद्धा अर्ज लहान कसा करता येईल हे अर्जदाराला समजावून सांगायची जबाबदारी ऑफिसवर आहे. आपल्याकडे तासांची किंवा रुपयांची अशी कुठलीच मर्यादा कायद्यात घातलेली नाही, त्यामुळे एखाद्या माहिती अधिकाऱ्यानं आपल्या टेबलावर बसून ती तयार करणं चुकीचंच आहे.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण सुनावणीत ती तुमच्यासमोर येणार. सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या केसमध्ये उत्तरपत्रिका दाखवा असा निकाल दिला, पण त्याच निकालात असंही म्हटलं की सरकारी ऑफिसांतले 75 टक्के कर्मचारी आपला 75 टक्के वेळ माहिती गोळा करण्यातच घालवतायत अशी अवस्था देशाला नकोय. हे वाक्य नाकारणाऱ्या पत्रांत फार फिरतं. कोर्टानं हेही सांगितलं की ऑफिसकडे जे रेकॉर्ड आहे ते द्यायचं, नसलेली माहिती नव्यानं बनवून द्यायची सक्ती नाही. तुम्ही मागितलेली बिलं आणि एमबी नगरपालिकेत असायलाच हवीत, कोणी काही बनवायचं नाहीये, त्यामुळे तो मुद्दा तुम्हाला लागत नाही. तरीपण मोकळेपणानं सांगतो, 10 वर्षं आणि अख्खं शहर हे मागणं खूप मोठं झालं. तुमचं दुखणं एका रस्त्याचं आहे तर त्या रस्त्याच्या 3 कामांची टेंडरं, बिलं, एमबी आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे ठेकेदारानं किती वर्षं फुकट दुरुस्त करून द्यायचं ते लिहिलेलं पान, एवढं मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा असा नियमही आहे, त्यात हे आरामात बसतं.

दोन्ही गोष्टी एकदम करा. एकीकडे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत प्रथम अपील टाका, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, वकील लागत नाही. त्यात लिहा की 7(9) खाली माहिती नाकारता येत नाही, झेरॉक्स शक्य नसेल तर मला कलम 2(ञ) प्रमाणे अवलोकन करू द्या, म्हणजे ऑफिसात बसून फायली बघू द्या, आणि नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याची आहे, माझी नाही. नकाराच्या पत्रात अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं हे लिहिणंही 7(8) प्रमाणे बंधनकारक आहे, तुमच्या पत्रात ते नसेल तर तेही अपिलात घाला. दुसरीकडे त्या एका रस्त्याचा छोटा अर्ज 10 रुपयांत नवीन टाका.

अवलोकनाला लोक उगाच कमी समजतात. मी स्वतः एकदा दोन दुपारी एका ऑफिसात बसून पाण्याच्या पाइपलाइनच्या फायली चाळल्या, अर्धं कपाट बाहेर काढलं होतं आणि शेवटी मला हवी होती ती पानं निघाली 40, तेवढ्याच झेरॉक्स घेतल्या 2 रुपये पानानं. सगळं मागितलं असतं तर माझे पैसे गेले असते आणि त्या क्लार्कचा आठवडा. जाताना वही पेन न्या, टिपणं काढायचा हक्क आहे, आणि कोणती फाइल दाखवली नाही ते तिथल्या तिथं लिहून त्यांच्याकडून सही शिक्का घ्या.

अपिलाचा निर्णय 30, फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. नाही झाला किंवा विरोधात गेला तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथं वेळ लागतो, ते खरंय, म्हणूनच छोटा अर्ज आत्ताच टाका म्हणतोय.

प्रश्न: मला माहिती नाकारली नाही पण 13 हजार भरा म्हणून पत्र आलंय, 4 हजार झेरॉक्सचे आणि 9 हजार "कर्मचाऱ्यांचा अतिरिक्त कामाचा मोबदला". अर्ज दिल्याला 43 दिवस झाले. भरायचे का?

उत्तर: थांबा, काही भरू नका. कर्मचाऱ्याच्या पगाराचे, ओव्हरटाइमचे पैसे अर्जदाराकडून घ्यायची तरतूदच नाही, नियमात ठरलेली फी तेवढी घेता येते आणि तिचा हिशोबही पत्रात मांडून द्यावा लागतो, हे कलम 7(3) मध्ये आहे. 4 हजार म्हणजे 2 रुपयांप्रमाणे 2 हजार पानं झाली, तेवढी खरंच आहेत का ते विचारा. पण तुमच्या बाबतीत ती वेळच येऊ नये, कारण 30 दिवसांत काहीच कळवलं नसेल तर कलम 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, झेरॉक्सचे 4 हजारसुद्धा नाहीत. तुमच्या अर्जाची पोच आणि त्यांच्या पत्रावरची जावक तारीख, या दोन्हींच्या झेरॉक्स लावून आजच अपील करा. पाकीट फेकलं नसेल तर तेही जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.