मिनिमाइझचं बटण कुठे गेलं?

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतलेल्या वाचकांची पत्रं वाढली आहेत. बहुतेकांचा राग एकाच गोष्टीवर आहे: ग्नोम नावाचा डेस्कटॉप, म्हणजे लिनक्सवर विंडो, मेनू, बटणं दाखवणारा भाग. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही म्हणून पुतण्याने डेबियन १३ हे लिनक्स टाकून दिलं. चालतं झकास. पण खाली टास्कबार नाही, डेस्कटॉपवर एक फाइल दिसत नाही, आणि विंडोला नुसती फुली. मिनिमाइझचं बटणच नाही! मी आयुष्यभर हिशेब लिहिले. चांगलं चाललेलं मोडायची ही हौस कोणाला आली? जुनं परत कसं आणायचं तेवढं सांगा. *– निवृत्त हिशेबनीस, नौपाडा, ठाणे*

उत्तर : काका, जुनं परत आणायची वाट आहे आणि ती सोपी आहे. सांगतेच. पण आधी माझी बाजू ऐकून घ्या. हा डेस्कटॉप मला मनापासून आवडतो, मी रोज त्यावरच काम करते आणि क्लासमध्ये तोच शिकवते. तो कोणाच्या हौसेतून आलेला नाही.

मिनिमाइझचंच घ्या. विंडो मिनिमाइझ केली की ती खालच्या पट्टीत जाऊन बसते. ६ एप्रिल २०११ ला ग्नोम ३ आलं, तेव्हा करणाऱ्यांनी ती पट्टीच काढून टाकली. मग मिनिमाइझ केलेली विंडो जाणार कुठे? जायला जागा नाही, म्हणून बटणही गेलं. आणि पट्टी का काढली? आठ-दहा विंडो उघडल्या की पट्टीतल्या प्रत्येकीचं नाव दोन-तीन अक्षरांवर येतं आणि सगळ्या सारख्याच दिसायला लागतात, म्हणून. आता विंडोज की एकदा दाबून बघा. उघडलेल्या सगळ्या विंडो लहान होऊन समोर मांडल्या जातात. नाव वाचायची गरज नाही, आपला ताळेबंद कुठला आणि बँकेचं पान कुठलं ते नजरेलाच कळतं. ज्यावर क्लिक कराल ती पुढे येते. बाकीच्या झाकायचं, लपवायचं काम तुमच्याकडे राहत नाही.

डेस्कटॉपवर फाइली दिसत नाहीत, याबद्दल तर मी भांडायला तयार आहे. वाशीतल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मी अधूनमधून मदतीला जाते. तिथल्या बाईंच्या जुन्या पीसीवर डेस्कटॉपचं चित्र काय आहे ते कोणी पाहिलंच नव्हतं, इतक्या फाइली त्यावर होत्या. ‘बिल नवीन’, ‘बिल नवीन फायनल’, ‘बिल फायनल खरं’. कोणी सभासद मेन्टेनन्सच्या पावतीची प्रत मागायला आला की बाई एकेक विंडो मिनिमाइझ करत खाली उतरायच्या आणि चष्मा कपाळावर चढवून, पडद्याच्या जवळ जाऊन शोधायच्या. सभासद टेबलाशी ताटकळत उभा. त्यांच्या पीसीवर ग्नोम टाकल्यावर फाइली डॉक्युमेंट्समध्ये हलवल्या आणि पावत्यांना फ्लॅट नंबरवरून नावं दिली. आता बाई विंडोज की दाबतात, कुठेही क्लिक न करता ‘बी ७०४’ टाइप करतात आणि पावती समोर येते. नजर पडद्यावर, हात कीबोर्डवर, माउसला स्पर्शही नाही. पहिला आठवडा त्या माझ्यावर चिडलेल्या होत्या, हेही सांगते. पण त्यानंतर डेस्कटॉपवर फाइली हव्यात असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही.

याच शोधपट्टीत तुमच्या कामाचं आणखी एक आहे. विंडोज की दाबा आणि इंग्रजी आकड्यांत १२५० गुणिले १८ टाइप करा, गुणाकाराच्या फुलीऐवजी तारका (*) वापरा. एंटर न दाबताच उत्तर खाली दिसेल. कॅल्क्युलेटर वेगळा उघडावा लागत नाही. ताळेबंद एका बाजूला आणि पासबुक दुसऱ्या बाजूला हवं असेल, तर एका विंडोत विंडोज की आणि डावा बाण, दुसरीत विंडोज की आणि उजवा बाण. पडदा बरोबर निम्मा-निम्मा वाटला जातो. ताळा जुळवणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असेल?

मात्र तुमच्या तक्रारीतलं एक मला पूर्ण मान्य आहे. बदललेलं कुठे आहे ते पडद्यावर लिहिलेलं नाही. पूर्वी वर डाव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हिटीज’ असा शब्द तरी होता, त्यावर क्लिक केलं की विंडो समोर मांडल्या जायच्या. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ पासून तोही गेला आणि त्याच्या जागी एक लांबट ठिपका आणि त्याच्या शेजारी बारीक टिंबं आली. नवख्या माणसाला ते बटण आहे हे कळणार कसं? ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसचा पूल झाला आणि टीएमटीच्या बस वर गेल्या, तेव्हा पूल चुकीचा नव्हता; पण सवयीने खालीच बस शोधणाऱ्याला कोणीतरी ‘वर जा’ म्हणायला हवं होतं. तेवढं ग्नोमवाल्यांनी ठळकपणे करायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमची वाट. ‘ट्वीक्स’ नावाचं छोटं ॲप उघडा, नसेल तर ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या ॲपमधून घ्या. त्यात विंडोच्या विभागात मिनिमाइझ आणि मॅक्झिमाइझ अशी दोन बटणं चालू करता येतात. (मॅक्झिमाइझसाठी विंडोच्या वरच्या पट्टीवर डबल क्लिक केलं तरी चालतं, आणि विंडो लपवायला विंडोज की आणि एच.) डेस्कटॉपवर फाइली हव्याच असतील तर त्यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे ग्नोमला जोडायची छोटी पुरवणी, मिळतं. आणि खालची पट्टी, वरचा मेनू असं सगळंच हवं असेल तर लॉग आउट करा, आपल्या नावावर क्लिक करा, पासवर्ड टाकण्याआधी खालच्या कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबा आणि ‘ग्नोम क्लासिक’ निवडा. तक्रारी ऐकूनच मार्च २०१३ मध्ये ही सोय दिली गेली. माझी विनंती एवढीच, की त्याआधी दोन आठवडे नव्याने काम करून बघा आणि मला कळवा.

प्रश्न : मी घरून मुद्रितं तपासते. एका वेळी चार-पाच लेख उघडलेले असतात. पूर्वी ऑल्ट-टॅब दाबलं की एका लेखातून दुसऱ्यात जाता यायचं. आता लिबरऑफिसचं (मी लेख त्यातच उघडते) एकच चित्र दिसतं आणि मी थेट ब्राउझरमध्ये जाऊन पडते. यातही काही शहाणपण आहे का? *– ऐरोली*

उत्तर : तुमच्या कामासाठी नाही. ज्याच्याकडे पाच वेगवेगळी ॲप उघडी असतात त्याला हे बरं पडतं, कारण ऑल्ट-टॅब आता ॲपनुसार फिरतं. एकाच ॲपमध्ये पाच फाइली उघडणाऱ्याची मात्र पंचाईत होते, आणि लेखन-मुद्रणाच्या कामात तर नेहमीच तसं असतं. इथे मी ग्नोमची बाजू घेणार नाही.

उपाय दोन. पहिला: ऑल्ट दाबून ठेवा आणि टॅबच्या बरोबर वरची की दाबा. मग फक्त लिबरऑफिसच्याच फाइली एकामागून एक येतात, ब्राउझर मधे लुडबुडत नाही. दुसरा उपाय कायमचा: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात शॉर्टकट्स, त्यात नॅव्हिगेशन. तिथे ‘स्विच विंडोज’ असं लिहिलेलं दिसेल, त्यावर क्लिक करून ऑल्ट-टॅब दाबा. आधीच्या जागेवरून बदलू का असं विचारेल, हो म्हणा. मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायला विंडोज की आणि स्पेस पुरते, हे तुम्हाला माहीत असेलच.

प्रश्न : लिनक्सचा जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्सने ग्नोम ३ सोडलं होतं. तुम्ही कशाला त्याची वकिली करता? *– विद्यार्थी, नेरूळ*

उत्तर : सोडलं होतं, खरं आहे. २०११ मध्ये ते एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले आणि ग्नोमबद्दल जाहीरपणे फार कडक बोलले. पुढे ते ग्नोमवर परत आले, हेही तितकंच खरं आहे. उबुंटू या लिनक्सने २०११ मध्येच युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप धरला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तोही सोडून ग्नोमकडे आला. ज्यांना जुनंच हवं होतं त्यांनी ग्नोम २ चा कोड घेऊन माते हा डेस्कटॉप उभा केला, लिनक्स मिंट या आणखी एका लिनक्सवाल्यांनी सिनॅमन केला, आणि दोन्ही आजही चालू आहेत. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेलं तेव्हा लोकांना ८.१ येईपर्यंत वर्षभर थांबावं लागलं. इथे ज्याला पटलं नाही त्याला स्वतः करून घेता आलं. मी वकिली करते ती हेही धरून.

प्रश्न : आईचा हात थोडा थरथरतो. माउस जरा डाव्या कोपऱ्यात गेला की सगळ्या विंडो लहान होतात आणि ती घाबरते. *– कळवा*

उत्तर : सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग उघडा आणि ‘हॉट कॉर्नर’ बंद करा. आजच करा, आईंना सवय होईल म्हणून थांबू नका. त्याच सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत अक्षरं मोठी करता येतात आणि माउसचा बाणही मोठा करता येतो. हात थरथरणाऱ्याला मोठा बाण फार उपयोगी पडतो. आईंना काय काय उघडावं लागतं ते लिहून पाठवा, त्यांच्यापुरता पडदा कसा लावायचा ते पुढच्या अंकात सांगते.