टॉपवरचं कव्हर, न पाहता केलेली सही आणि ११ ऑक्टोबर

तुमच्या पत्रात मी सर्वात आधी तारखा शोधल्या. त्या शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता लिहिल्यासारख्या आल्या आहेत.

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही तुमची सॉफ्ट टॉपची, म्हणजे कापडाचं दुमडतं छत असलेली गाडी भाडं भरून चार महिने एका गोदामात ठेवायला दिलीत. देताना छत वर होतं आणि कोरडं होतं. १२ ऑक्टोबरला गाडी परत मिळाली तेव्हा छत खाली दुमडलेलं होतं आणि वर टॉप कव्हर, म्हणजे दुमडलेलं छत झाकायचं आवरण, बटणं लावून बसवलेलं होतं. ते न उघडता तुम्ही ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या पावतीवर सही केलीत. २० ऑक्टोबरला कव्हर काढलं तर आत बुरशी, मागच्या प्लास्टिकच्या काचेला घडीच्या रेषेवर चीर, आणि कापड इतकं आटलेलं की पुढचे खटके काचेच्या चौकटीपर्यंत पोचेनात. गोदामवाले तुमची सही दाखवतात, गाडीची कंपनी ‘चुकीची साठवण’ म्हणून वॉरंटी नाकारते. आता पुढच्या आठवड्यात नवं छत बसवताय आणि विचारताय, सही केल्यामुळे हक्क गेला का?

सहीमुळे गेलेला नाही. ११ ऑक्टोबर उलटू दिलात तर मात्र ग्राहक आयोगाचं दार जवळजवळ बंद होईल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्ही ही दोन वर्षं गोदामाच्या शेवटच्या ईमेलपासून मोजताय. तो ईमेल गेल्या मार्चचा, म्हणून तुम्हाला वाटतं अजून भरपूर वेळ आहे. नाही. ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ अशी उत्तरं येत राहिली, तुम्ही स्मरणपत्रं पाठवत राहिलात, एवढ्यानं मुदत वाढत नाही. मोजणी गाडी परत मिळाली त्या १२ ऑक्टोबरपासून धरा, म्हणजे सुरक्षित शेवटचा दिवस यंदाचा ११ ऑक्टोबर. ही एकच गैरसमजूत मी किती पत्रांत वाचली असेल! कुणाचा फ्रिज, कुणाचं फर्निचर, कुणाची गाडी. समोरचा गोड बोलत राहतो आणि माणूस आशेवर थांबतो. समोरच्याला थांबण्यात काही गमवायचं नसतं.

मोजणी २० ऑक्टोबरपासून करता येईल, कारण नुकसान तेव्हा कळलं, असा युक्तिवाद आहे आणि तो वाईटही नाही. पण त्या आठ दिवसांवर खटला टांगू नका. मुदतीचा मुद्दा समोरच्यानं काढला नाही तरी तक्रार दाखल करून घेण्याआधी आयोगानं स्वतः तो तपासलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. उशीर माफ करण्याची सोय कलम ६९ मध्ये आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘ईमेल चालू होते’ हे पुरेसं कारण ठरेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे तो रस्ता नंतरही उरेल. पण तिथे कोर्ट फी आहे आणि वेळ किती जाईल याचा अंदाज मी देऊ शकत नाही.

आता सहीबद्दल. गाडी भाड्यानं ठेवून घेणारा हा भारतीय करार कायदा, १८७२ च्या भाषेत निक्षेपग्राही असतो. कलम १५१ त्याला बांधून ठेवतं: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्यानं घेतलीच पाहिजे. पावतीमागे ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलं आहे म्हणून तुम्ही हबकला आहात. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये नेमकं याच छापील वाक्याबद्दल सांगितलं, की स्वतःचा निष्काळजीपणा झाकायला ते वापरता येणार नाही. गाडी ताब्यात असताना काय झालं याचा खुलासा आधी ठेवून घेणाऱ्यानं करायचा. ते प्रकरण चोरीचं होतं, तुमचं बुरशीचं आहे, तेव्हा ते जसंच्या तसं लागू होईल अशी हमी नाही. पण पाया तोच आहे.

आणि तुमच्या बाबतीत ते कव्हरच तुमच्या बाजूनं बोलतं. सही दिसणाऱ्या स्थितीची असते. बटणं लावलेल्या कव्हरखाली काय आहे ते सही करणाऱ्याला दिसत नव्हतं. उलट प्रश्न त्यांना विचारायचा: वर केलेलं छत खाली कुणी घेतलं, का घेतलं, आणि त्यावर कव्हर कुणी बसवलं? गाडी देतानाच्या पावतीवर ‘टॉप वर’ अशी खूण आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या साऱ्या कागदांत तो सर्वात मोलाचा कागद आहे. सॉफ्ट टॉप ओला दुमडायचा नाही, लांब मुदतीसाठी गाडी ठेवताना छत वर ठेवायचं, हे या गाड्या हाताळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. दुमडलेल्या कापडात ओल राहिली आणि वरून कव्हरनं हवा कोंडली, की बुरशी धरते. महिनोन् महिने ताण न मिळालेलं कापड आटतं. प्लास्टिकची काच एकाच घडीत दाबून राहिली की तिथेच तडकते. ‘कापड जुनंच होतं’ हा बचाव ते घेतील. गाडी देतानाचे फोटो असतील तर तो टिकणं अवघड आहे.

पण पुरावा तुम्ही स्वतःच्या हातानं कमी करत आलाय, आणि याचा मला खरंच राग येतो. टॉप कव्हर तुम्ही साबणाच्या पाण्यानं धुऊन ठेवलंत. वीस महिने फोनवर बोललात, त्या बोलण्याची एक ओळही कागदावर नाही. फोटो ज्या फोनमध्ये काढले तो विकलात. सुदैवानं २० ऑक्टोबरला तेच फोटो तुम्ही गोदामाच्या व्यवस्थापकाला व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. ते संभाषण तारखेसकट अजून आहे का, ते हे उत्तर वाचून होताच बघा. असेल तर ताब्यानंतरच्या आठ दिवसांत तुम्ही काही केलंत का, या प्रश्नाला तेच उत्तर आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडतात; आयोग पुराव्याच्या नियमांबाबत न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरी ते जोडाच.

नवं छत बसवायला माझी हरकत नाही. कारागीर जुनं छत ‘टाकून देतो’ म्हणतोय, ते मात्र होऊ देऊ नका. छत उतरवण्याआधी गाडीचा सर्वेक्षक किंवा छताचं काम जाणणारा स्वतंत्र माणूस बोलवा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या: बुरशी कुठे, चीर कोणत्या घडीवर, कापड किती आटलंय, कारण काय दिसतं. काम ज्याला द्यायचं आहे त्याच माणसाचा अहवाल नको. छत उतरवतानाचे फोटो काढा. जुनं छत घासू नका, धुऊ नका. सावलीत वाळवा, काचेवर मऊ सुती कापड ठेवा आणि त्याच जुन्या घडीवर न दुमडता सैल गुंडाळी करून सुती चादरीत बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडाल तर नवी बुरशी येईल आणि जुनी कुठली, नवी कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही. धुतलेलं टॉप कव्हरही सोबत ठेवा. शिलाईत आणि बटणांच्या मागे अजून डाग असू शकतात.

तक्रारीत गाडीच्या कंपनीला ओढू नका, हा माझा सल्ला. पुस्तिकेत ओलं छत दुमडू नये असं लिहिलेलं असेल तर तुमचंच म्हणणं त्यांना सोडवतं, कारण ते दुमडलं दुसऱ्यानं, असं तुम्ही सांगताय. शिवाय २०१९ च्या कायद्यात आयोगाचा दर्जा (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतो. गोदामापुरतं भांडण ठेवलं तर मोबदला म्हणजे चार महिन्यांचं भाडं, प्रकरण जिल्हा आयोगातच राहतं आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही नाही. कंपनीला जोडलंत की गाडीची किंमत मध्ये येते आणि अधिकारक्षेत्राचा वाद फुकट उभा राहतो. विम्याकडून फारशी आशा नाही; झीज आणि हळूहळू झालेलं नुकसान पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं, तरी तुमची पॉलिसी मी पाहिलेली नाही. गाडी कंपनीच्या वा फर्मच्या नावावर असेल तर तेही वकिलाला आधीच सांगा, कारण व्यावसायिक वापराचा मुद्दा निघू शकतो.

नोटीस या आठवड्यात पाठवा. स्पीड पोस्टनं, पोच घेऊन, आणि ईमेलनंही. त्यात पंधरा दिवसांची मुदत द्या, त्याहून जास्त नाही. उत्तर येवो न येवो, सोळाव्या दिवशी तक्रारीची तयारी पूर्ण हवी. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, ऑनलाइनही करता येते, गोदामाच्या गावी जायची गरज नाही. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एक कागद कमी पडला की तक्रार त्रुटीत निघते आणि ते दिवस तुमच्याच मुदतीतले जातात.

त्यानंतर मात्र धीर धरावा लागेल. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवून दिलं आहे. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची चाचणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, कधी सदस्यांची पदंच रिकामी असतात. ज्या कायद्यानं ग्राहकाला दोन वर्षांची शिस्त लावली, त्यानं स्वतःची तीन महिन्यांची शिस्त अशी सोडावी हे मला मान्य नाही, पण तुम्हाला खोटी आशाही द्यायची नाही. नव्या छताची बिलं, अहवालाची फी, टॅक्सीच्या पावत्या तोवर एका फायलीत ठेवत जा.

नवं छत बसलं की गाडी पुन्हा कुठे ठेवायला द्याल, तेव्हा पावतीवर स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहा: छत वर आणि कोरडं दिलं आहे, ते खाली घेऊ नये, टॉप कव्हर वेगळं, गाडीच्या आत ठेवलं आहे. त्याखाली त्यांची सही घ्या. आणि परत घेताना काही झाकलेलं असेल तर ते काढून पाहिल्याशिवाय तुमची सही करू नका.