आयटीआय झालंय, सोलरचं काम पदरचे पैसे न घालता शिकता येईल का?

तुमचा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय, सोलरमध्ये यायचंय, पण पुण्यात खोली घेऊन खासगी कोर्सची फी भरणं झेपणार नाही, असं लिहिलंय. नका भरू.

केंद्र सरकारचा 'सूर्यमित्र' हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो वेगवेगळ्या राज्यांतल्या केंद्रांमार्फत चालवते. ६०० तास, म्हणजे साधारण तीन महिने. राहणं, जेवण, शिकणं फुकट. इलेक्ट्रिशियन, वायरमन असे आयटीआय झालेल्यांना तो करता येतो. जवळ बॅच कुठे लागते ते संस्थेच्या संकेतस्थळावर बघत राहा.

पण कुठेही नाव घालण्याआधी त्या केंद्राचं छत बघून या, हाताने सराव करायला पॅनेलं आहेत का ते. मी वायरमनचा सोलरवाला झालो तो अशाच एका वर्गातून, नाव सांगत नाही. पॅनेलला हात लागला तो ग्रुप फोटोपुरता! मग पहिल्याच साइटवर एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडायचा प्लग, क्रिंप केला (वायरीवर दाबून बसवला) आणि ओढून बघायचा राहिला. महिन्याभरात तो वितळला. मालक भला माणूस, म्हणून निभावलं.

आपल्याला घरगुती वायरिंगची सवय असते, मेन पाडला की लाइन गेली. इथे तसं नाही. ३ किलोवॅटला ५४० वॅटची सहा पॅनेलं सिरीजमध्ये जोडली, प्रत्येकी ५० व्होल्टच्या आसपास धरा, तर ३०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, झालं. ऊन आहे तोवर पॅनेलकडून ते येतच राहतं. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची पेटली की पेटतच राहते. चालू लोडवर कनेक्टर ओढायचा नाही, हे वहीत लिहून हाताला कळत नाही.

दुसरी अडचण तीन महिने घरात पैसा न येण्याची. माझ्या वर्गातले दोघं सोयाबीन काढायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. तुमचंही तसं असेल तर अप्रेंटिसशिप, म्हणजे कामावर राहून शिकणं, बघा, त्यात विद्यावेतन मिळतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान; तेव्हापासून आमच्याकडे छतावर चढणारी माणसं कमी पडतायत. तालुक्यातल्या एखाद्या सोलरवाल्याकडे हेल्पर म्हणून विचारून बघा. फक्त आधी विचारा, हार्नेस (छतावरून पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) देता का? हसला तर दुसरा गाठा.